ज्यानं मारलं, त्याच्याकडंच शिकू द्या

सुपरगेमिंग, पुणे यांस,


हे पत्र इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याहून लिहितोय. खरं तर ते क्राफ्टनला लिहायला हवं होतं, कारण इकडची बहुतेक पोरं त्यांचा बीजीएमआय खेळतात, उरलेली फ्री फायर मॅक्स. पण क्राफ्टन पडली कोरियाची. तुम्ही सोलापूर रस्त्यानं तीनेक तासांवर आहात, ‘मास्कगन’ तुम्ही काढला, ऑक्टोबर 2024 मध्ये ‘इंडस’ आणला, आणि मराठी पत्र शेवटपर्यंत वाचणारा माणूस तुमच्या कचेरीत सापडेल अशी आशा आहे. मागणी तशी सगळ्याच गोळीबाराच्या खेळांकडं आहे. तुम्ही आधी ऐकलंत तर बाकीच्यांना मागून यावं लागेल, एवढंच.

नवा पोरगा बॅटल रॉयलमध्ये, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकेल अशा खेळात, येतो तेव्हा चालायचं कसं, बंदूक उचलायची कशी, नेम धरायचा कसा हे त्याला खेळ शिकवतो. थोड्या वेळात ही शिकवणी संपते. मग पहिले डाव बॉटांचे, म्हणजे खेळ स्वतःच चालवतो त्या खोट्या खेळाडूंचे. बॉट समोरून सरळ चालत येतो, थांबतो, भलतीकडंच गोळ्या झाडतो आणि पडतो. पोरगा दहा-बारा किल घेऊन बाहेर येतो आणि दोस्तांना स्क्रीनशॉट पाठवतो. पुढं लॉबीत माणसं वाढत जातात, आणि हाच गडी उतरल्या उतरल्या मरायला लागतो.

खेळ अवघड आहे, वेळ लागणारच, असं जुने खेळाडू म्हणतात. लागू दे की. अवघडपणाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते असं, की बॉटांच्या डावांत तो पोरगा नुसता फुशारला नाही, चुकीचं शिकला. उघड्यावर उभं राहून लूट उचलायची, पळताना मागं बघायचं नाही, गोळी लागली तरी आडोसा न शोधता जागेवरून सलग गोळ्यांचा स्प्रे मारत राहायचा, या सवयी त्याला त्या डावांनीच लावल्या आणि वर त्याबद्दल बक्षीसही दिलं. आता आधी त्या मोडायच्या, मग नव्यानं शिकायचं.

बॉट नकोतच असं नाही. एपिकनं 2019 मध्ये ‘फोर्टनाइट’मध्ये बॉट आणले ते जाहीर सांगून. पबजीनं 2020 मध्ये कॉम्प्युटरवरच्या खेळात बॉट घातले तेव्हा कारणही दिलं: जुने खेळाडू इतके तयार झालेत की नव्यांचा टिकाव लागत नाही. म्हणजे कंपन्या जगाला सांगतात. डावात उतरलेल्या पोरालाही सांगा. डाव संपल्यावर स्वच्छ दाखवा, की बारा मारलेस त्यात दहा बॉट होते, दोन माणसं. त्याला वाईट वाटेल. वाटू दे. त्या दोघांना कसं मारलं हे मग तो आठवून आठवून सांगेल, आणि खेळ शिकायला तिथूनच सुरुवात होईल.

आमच्या भागात जत्रेला कुस्त्यांचा फड भरतो. सुरुवात लहान पोरांच्या, रेवड्यांच्या कुस्त्यांनी, शेवट मोठ्या इनामाच्या कुस्तीनं. दोन पोरं लंगोट लावून पुढं आली की पंच त्यांना शेजारी उभं करतात, उंची बघतात, अंग बघतात, कुठल्या तालमीतला रे तू, असं विचारतात आणि मगच जोड लावतात. जोड चुकली तर कुस्ती सुरू व्हायच्या आधीच माणसं ओरडतात. तुमच्या सर्व्हरवर हेच काम हिशेबानं होतं. बुद्धिबळातली अर्पाद एलो यांची गुणपद्धत त्यातली जुनी. मायक्रोसॉफ्टची ‘ट्रूस्किल’ 2005 पासूनची. ‘ट्रूस्किल’मधली एक गोष्ट मला फार आवडते. ती खेळाडूचं कसब एका आकड्यात मांडत नाही, दोन आकड्यांत मांडते. एक आकडा अंदाजाचा, दुसरा त्या अंदाजावरच्या संशयाचा. नव्या माणसाबद्दल संशय मोठा असतो, डाव होत जातील तसा तो आटत जातो. हा गडी अजून आपल्याला कळलेला नाही, हे यंत्राला पक्कं ठाऊक असतं! मग ते त्या गड्याला का सांगायचं नाही? ‘तुझी जोड अजून शोधतोय, चार डाव वेडेवाकडे जातील’ एवढं कळलं तरी पोरगा फोन आपटणार नाही. आणि नवं खातं काढून रेवड्यांच्या कुस्तीत उतरणारे जे मोठे पैलवान असतात, ज्यांना खेळाडू स्मर्फ म्हणतात, त्यांना हुडकून फडाबाहेर काढणं हे पंचांचंच काम आहे.

जोड बरोबर लागली तरी निम्मंच काम झालं. पोरगा मरतो, आणि का मेला ते त्याला कळत नाही.

एक उदाहरण सांगतो, ते तुम्हाला नवं नाही, पण पालकांनी आणि मास्तरांनीही हे पत्र वाचावं म्हणून सविस्तर लिहितो. या खेळांत कॅमेरा बहुतेक वेळा खेळाडूच्या खांद्यामागं असतो. त्यामुळं भिंतीआड उभा असलेला माणूस स्वतः न दिसता भिंतीपलीकडचं सगळं बघू शकतो. अंग आडोशाला, नजर बाहेर. धावत येणाऱ्याला मात्र नुसती भिंत दिसते. म्हणून सारख्याच कसबाच्या दोघांत आधी येऊन थांबलेला वरचढ ठरतो. त्यातही कॅमेरा उजव्या खांद्याच्या बाजूला असेल तर भिंतीच्या उजव्या कडेनं डोकावणाऱ्याचं अंग कमी उघडं पडतं, डाव्या कडेनं डोकावणाऱ्याचं जास्त. जुन्या खेळाडूच्या हाडात हे भिनलेलं असतं, इतकं की तो ते सांगायचंही विसरतो. नव्या पोराला वाटतं समोरचा हॅकर आहे. तो रिपोर्ट मारतो आणि पुढच्या डावात त्याच भिंतीकडं पुन्हा धावत जातो.

मारणाऱ्याच्या नजरेतून रीप्ले दाखवण्याची सोय अनेक खेळांत असते. त्यातून कोणी मारलं ते दिसतं, कारण दिसत नाही. कारण सर्व्हरला मात्र माहीत असतं: कोण कुठं किती वेळ उभा होता, कोणाच्या पावलांचा आवाज कोणाला गेला, कोणाला कोण आधी दिसला. त्यातलं एकच वाक्य काढून द्या. ‘तो खिडकीत आधीपासून बसला होता, आणि तुझ्या धावण्याचा आवाज त्याला जिन्यापासून येत होता.’ बस. पुढच्या वेळी पोरगा जिन्यात वाकून चालेल.

मी हे खेळ शिकलो ते पुण्यात कॉलेजला असताना, सायबर कॅफेत, काउंटर-स्ट्राइक 1.6 वर. त्या खेळात मेलेला माणूस राउंड संपेपर्यंत परत येत नाही. तोवर जिवंत साथीदाराच्या नजरेतून गप बघत बसायचं. खुर्चीमागं दोन-तीन सीनियर उभे असायचे, आणि आमच्या मरणाची कारणं त्यांना आमच्याआधी कळलेली असायची. त्यांची भाषा सभ्य नव्हती, पण चूक नेमकी सांगायचे. मोबाइलवर मेलेला पोरगा लगेच दुसरा डाव लावतो. बघत बसायची ती वेळ गेली आणि मागं उभा राहणारा सीनियरही गेला. त्याची जागा यूट्यूबनं घेतलीय असं म्हणतात. यूट्यूबवरचा शहाणा आपला खेळ दाखवतो, शिकणाऱ्या पोराचा बघत नाही.

आता तुमच्याकडं वळतो. ‘इंडस’मध्ये तुम्ही ‘ग्रज’ नावाची सोय आणलीत. ज्यानं मारलं त्याच्यावर खूण करायची, पुढच्या डावात त्याला गाठायचं आणि हिशेब चुकता करायचा. कल्पना झकास आहे, आणि आमच्या भागात वैर धरण्याची कला शिकवावी लागत नाही. पण तीच सोय उलटी फिरवून बघा. नव्या पोराला विचारा: ज्यानं मारलं त्याच्याशी वैर धरतोस की त्याच्या हाताखाली एक डाव खेळतोस? त्यानं हाताखाली म्हटलं आणि समोरचाही तयार असेल, तर पुढच्या डावात दोघांना एकाच स्क्वॉडमध्ये टाका. शिकवणाऱ्याला त्याबद्दल काहीतरी द्या. नाणी नकोत, नावापुढं वस्तादाची खूण द्या, जी नुसते किल काढून मिळणार नाही. शागिर्द पुढच्या टियरला चढला तरच ती पक्की व्हावी. चांगल्या खेळाडूंना शिकवायला आवडतं, हे मी कॅफेत पाहिलंय. त्यांना कोणी विचारत नाही, इतकंच.

दोघांच्या बोलण्याचं काय? गावाकडचा पोरगा माइक चालू करतो, मराठी वळणाची हिंदी बोलतो, समोरून हसू आणि शिव्या येतात, की माइक कायमचा बंद. पोरींचा तर चालूच होत नाही. म्हणून वस्ताद-शागिर्दाची गाठ घालताना भाषा बघा. आणि खेळाची शिकवणी मराठीत असावी, ती बोलकी असावी, वाचायची नको. रात्रीच्या लाईटला दारं धरायला गेलेली पोरं सरी भरेपर्यंत बांधावर एक डाव टाकतात. त्या घाईत सूचनांचं पान कोण वाचतो? कानात कोणी सांगितलं तर ऐकतात.

फोनचंही लिहितो. स्वस्त फोनमध्ये पुष्कळदा गायरो, म्हणजे फोन हलवून नेम धरायची सोय, नसतो. दोन अंगठ्यांनी खेळणारा पोरगा मोठ्या खेळाडूचा सेन्सिटिव्हिटी कोड उतरवून घेतो, जो आयपॅडवर चार बोटांनी आणि गायरोनं खेळणाऱ्यासाठी बनलेला असतो. मग त्याची बंदूक आभाळाकडं जाते आणि तो समजतो की आपल्यातच काही नाही. खेळ सुरू होताना फोन ओळखून, दहा गोळ्या भिंतीवर मारायला लावून, रिकॉइल, म्हणजे बंदुकीचा झटका, किती चढतो ते बघून सेटिंग सुचवणं तुमच्या लोकांना जड नाही.

घरच्यांचा विरोध असतो तो असणारच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशांवरचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पण आमच्याकडच्या ओट्यावर रमी आणि ‘इंडस’ अजून एकाच शिवीत मोडतात. शिकवणीच्या नावाखाली पोरांना तासन्‌तास बसवून ठेवू नका, म्हणजे आम्हाला तुमची बाजू घेता येईल.

चाचणीला माणसं लागली तर इथं आहेत, कधीच न खेळलेलीसुद्धा. माझ्या पुतणीनं नुकतीच सुरुवात केलीय. प्रत्येक मरणानंतर ती ‘का?’ विचारते, आणि दरवेळी मला उत्तर देता येतंच असं नाही. तिच्याकडं स्वतःचा फोन नाही, आईचा आहे, आणि तो संध्याकाळी सातनंतर मिळतो. माणूस पाठवलात तर त्या बेतानं पाठवा.

आपला,
वरकुट्याचा एक खेळाडू