पिंजरा तरंगतोय अजून

"घरच्या घरी बनवा मत्स्यपिंजरा" छापाचे व्हिडिओ बघितलेत का कधी? सगळ्यांचा शेवट ठरलेला. पिंजरा पाण्यात सोडतात, तो तरंगतो, टाळ्या! माझं म्हणणं असं की खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि ते कोणी दाखवत नाही.

गेल्या वर्षी मामाच्या शेततळ्यासाठी आम्हीही एक केला. 30 बाय 30 मीटरचं तळं, आत प्लॅस्टिकचा कागद. अशा तळ्यात जाळं ओढलं की कागद फाटायची भीती, आणि त्या गुळगुळीत उतारावरून पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर येणं मुश्किल. त्यामुळे पिंजरा हवाच, हे माझं मत आजही कायम आहे.

जीआय पाइपची 2 बाय 2 मीटरची चौकट, कडेने 50 लिटरचे आठ रिकामे कॅन, खाली दीड मीटर जाळं. आठ कॅन म्हणजे जवळजवळ 400 किलो तोलायची ताकद. एक्सेलमध्ये हिशेब केला होता (सवय, दुसरं काय!). झकास तरंगला.

जाळं मात्र लावलं शेडनेटचं. गावात मिळतं, स्वस्त, बोटुकली निसटत नाहीत. दोन-तीन महिन्यांत त्या बारीक भोकांवर शेवाळाचा थर बसला. तळ्याला काही प्रवाह नसतो. पिंजऱ्यातलं पाणी बदलतं ते वाऱ्याने आणि माशांच्या हालचालीने, तेही जाळ्यातून. तीच वाट बंद! त्यात दोन दिवस ढगाळ. उन्हात प्राणवायू सोडणारं शेवाळ रात्री उलट तोच वापरतं, म्हणून पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. मामा सकाळी खाद्य टाकायला गेला तर पिंजऱ्यातले बहुतेक रोहू पोट वर करून पडलेले. बाहेर मोकळ्या तळ्यात सोडलेले मात्र मजेत.

मामा फोनवर एवढंच म्हणाला, "अरे, तुझा पिंजरा तरंगतोय अजून."

काय बोलणार? अख्खा वीकेंड आम्ही चौकटीवर घालवला आणि जाळं दहा मिनिटांत उरकलं. उलट हवं होतं. चौकट बांबूचीही चालते हो. पैसे घालायचे ते जाळ्यात. बोटुकलीसाठी बारीक, मासे वाढले की मोठ्या भोकांचं, आणि प्रत्येकी दोन, म्हणजे एक पाण्यात, एक काठावर वाळत. मासे मोजून कमी सोडायचे. आणि आठवड्याला ब्रश मारायला माणूस लागतो, तो पुण्यात बसून होत नाही.

यंदाची जाळी आणलीत. शनिवारी निघतोय. मामाने "ये" म्हटलंय, पण "लॅपटॉप आणू नकोस" असंही.