रिंगा बसेपर्यंत

इंजिन बांधणं ही आमच्या तासगावकडे काही नवलाची गोष्ट नाही. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, सगळ्यांची इंजिनं इथे उतरतात आणि पुन्हा चढतात. पण हल्ली हौशी पोरं जुन्या जिप्सीचं नाहीतर एस्टीमचं इंजिन खोलतात. बोअर वाढवून मोठे पिस्टन घालतात, कॅमशाफ्ट बदलतात, एखादा टर्बोही बसवतो. (असे बदल आरटीओच्या नोंदीत बसतात का, हे आधी बघावं. २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही यावर स्पष्ट निकाल दिलेला आहे.) आणि इंजिन चढलं रे चढलं की प्रश्न एकच, "पुण्याला ट्यूनिंगला कधी न्यायची?"

माझं मत विचाराल तर, लगेच नाही.

होनिंग केलेल्या बोअरवर बारीक तिरप्या रेघा असतात. ज्वलनाचा दाब रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबून धरतो. त्या दाबाखाली रिंग आणि बोअर घासत घासत एकमेकांशी जुळतात. यालाच मिस्त्री 'रिंगा बसल्या' म्हणतात. रेघांची धार एकदा गेली की ही संधीही गेली.

म्हणूनच "हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका" हा सल्ला मला अर्धाच पटतो. इंजिन तासन् तास बिनभाराचं चालू ठेवलं तर दाबच पडत नाही. बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो, मग गाडी तेल खाते आणि निळा धूर सोडते. भार हवा, पण बेताचा. इंजिन गरम झाल्यावर विट्याच्या रस्त्याला मधल्या गिअरात जोर द्यावा, मग पाय काढून वेग आपोआप उतरू द्यावा. एकाच वेगाने रेटू नये आणि पॅडल तळाला नेऊ नये. तेल साधं मिनरल. ते आणि फिल्टर शंभरेक किलोमीटरला बदलावं, पाचशेला पुन्हा. सिंथेटिकची घाई नको.

आता ट्यूनिंग. डायनोवर गाडी पुन्हा पुन्हा पूर्ण ताकदीने ओढली जाते. रिंगा बसलेल्या नसतील तर दाब गळतो, तेल वर चढतं आणि इंजिन ठोकायला लागतं. शिवाय घर्षण आणि कॉम्प्रेशन अजून बदलतंच आहे. आज बसवलेला मॅप महिन्याभराने दुसऱ्याच इंजिनावर चालणार.

पण एक गोम आहे. मोठे इंजेक्टर घालून मूळच्याच मॅपवर गाडी फिरवली तर जादा पेट्रोल बोअरवरचं तेल धुऊन टाकतं. उलट टर्बो असताना पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जळतो. म्हणून पहिली किल्ली फिरवण्याआधीच ट्यूनरकडून सांभाळून केलेला कच्चा मॅप घ्यावा, एक्झॉस्टला वाइडबँड सेन्सर लावावा, आणि टर्बोचा दाब कमीत कमी ठेवावा. म्हणजे ट्यूनरशी बोलणं आधी, गाडी त्याच्याकडे नेणं शेवटी.

आपण बेदाण्याच्या गावचे लोक. शेडमध्ये जाळीवर टाकलेली द्राक्षं पंधराएक दिवस वाळू देतो. ओला माल पेटीत भरला तर काय होतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इंजिनाच्याच बाबतीत मग एवढी उतावीळ का? पाचशे किलोमीटर म्हणजे सांगलीला साधारण दहा वेळा जाऊन येणं. लाखभर खर्च केलाच आहे, तर तेवढं डिझेल... चुकलो, पेट्रोल, जाळायला काय हरकत आहे!