आलेख खरा, पण अर्धाच



गेल्या अंकातील पत्रात असे म्हटले आहे की, शंकूभेदन चाचणीच्या आलेखात प्रत्येक थराची ताकद नेमकी उमटते, त्यामुळे बोअर घेण्याचा खर्च टाळावा. एकसंध मातीत हे बरेचसे खरे आहे, थराथरांच्या जमिनीत नाही.

या चाचणीत शंकू जमिनीत दाबत नेऊन मातीचा विरोध मोजतात. प्रमाणित शंकूचा व्यास ३५.७ मिलिमीटर, खाली जाण्याचा वेग सेकंदाला २ सेंटिमीटर. शंकूला टोकाजवळच्याच नव्हे, तर वरखालच्या मातीचाही विरोध होतो. मऊ चिकणमातीत हा प्रभाव व्यासाच्या दोन-तीन पट अंतरापर्यंत असतो, घट्ट वाळूत तो दहा-वीस पटींपर्यंत पोहोचतो. म्हणून चिकणमातीत अडकलेला वीतभर वाळूचा थर आलेखावर प्रत्यक्षापेक्षा कमकुवत दिसतो. उलट, वाळूतली चिकणमातीची पातळ पट्टी बळकट भासते. पहिल्या चुकीने खर्च वाढतो, दुसरीने इमारत खचू शकते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन भागात भरती-ओहोटीने असेच पातळ थर रचले आहेत. तिथे भूकंपात वाळू द्रवरूप होण्याचा धोका मोजताना अभ्यासकांना या परिणामाची दखल घ्यावी लागली.

शंकूसोबत मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाबही मोजावा आणि शेजारी बोअर घेऊन नमुना डोळ्यांनी पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाया पुन्हा घालता येत नाही.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे