दोन रबरी तुकडे

मोटारीच्या पोटाखाली मी उताणा पडलो आहे, असे दृश्य माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिले असते तर त्यांनी आधी ॲम्ब्युलन्स बोलावली असती! वर्गात अलंकार शिकवणाऱ्या माणसाच्या हातात पाना शोभत नाही, असे आमच्या घरचे स्पष्ट मत आहे आणि मीही ते मत कधी खोडून काढले नाही. पण यंदाच्या मे महिन्याच्या सुटीत थोरल्या भावाकडे इंग्लंडात गेलो आणि तिथे हा योग आला.

दादा पंचवीस वर्षे तिकडे आहे. नोकरी, घर, मुले सारे यथास्थित. त्याची एक हौस मात्र आमच्या घराण्यात कोणालाच न शोभणारी. त्याच्याजवळ १९७१ सालची, उघड्या टपाची एम.जी.बी. ही मोटार आहे. बुटकी, हिरवी, आणि दोनच माणसांपुरती! वहिनी तिला ‘धाकटी’ म्हणतात. ‘धाकटीचं झालं का?’ असे त्यांनी रविवारी सकाळी विचारले, की न्याहारी थंड होत आली आहे असे समजावे.

ही गाडी काही राजेमहाराजांची नव्हे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती आणि तिच्या टप असलेल्या भावंडासकट पाच लाखांवर गाड्या तिथून बाहेर पडल्या. बेताच्या मिळकतीच्या माणसाने जोरात हाकायची गाडी अशी तिची ख्याती. १९८० मध्ये तो कारखाना बंद झाला. पण सुटे भाग अजून मिळतात आणि हौशी लोक आपल्या हाताने त्या दुरुस्त करीत बसतात.

खरे सांगायचे तर मी काही गाडी पाहायला गेलो नव्हतो. माझ्या बॅगेच्या तळाशी पुण्यातल्या आमच्या जुन्या घराचे कागद होते. घर पाडून तिथे इमारत उभी राहायची होती आणि दादाची सही हवी होती. सही टपालानेही आली असती. पण आई २०२३ च्या पावसाळ्यात गेली आणि तेव्हापासून आम्हा भावांत टपालाने भागण्यासारखे काही उरले नव्हते. दादा पोचला तो दुसऱ्या दिवशी. अग्नी मी दिला होता. आदल्या रात्री फोनवर मी त्याला म्हणालो होतो, ‘तुला सवड झाली तर ये.’ एवढेच! पण काही वाक्ये लहान असतात म्हणूनच नेमकी लागतात. पुढे दर रविवारी आमचे फोन होत राहिले. त्यात पुण्याचा पाऊस, तिकडची थंडी आणि मुलांचे मार्क यांखेरीज काही नसे.

पहिल्याच शनिवारी दादाने मला गाडीतून फिरवून आणले. एका खड्ड्यावरून जाताना पुढून ‘खट्’ असा आवाज आला. मला तो खड्ड्याचा वाटला. दादाचा चेहरा मात्र तान चुकलेली ऐकणाऱ्या बुवांसारखा झाला. पुढच्या वळणावर पुन्हा ‘खट्’. घरी आल्यावर तो म्हणाला, ‘अँटी-रोल बारचे रबर गेले. उद्या बदलू. तू मदतीला ये.’

हा बार म्हणजे काय, असे मी विचारले तेव्हा त्याने कपाटातला तारेचा हँगर काढला, उलगडला आणि इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात वाकवला. ‘ही पोलादी दांडी समज. हिची दोन टोके पुढच्या दोन चाकांच्या हातांना जोडलेली. मधला भाग गाडीच्या सांगाड्याला दोन ठिकाणी धरलेला. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते. एक चाक वर जाते, दुसरे खाली. मग ही दांडी पिळली जाते आणि त्या पिळाला विरोध करते, म्हणून गाडी कमी कलते. दोन्ही चाके एकदम उचलली गेली, तर दांडी नुसती आपल्या जागी फिरते, आड येत नाही.’ अमेरिकेत हिलाच ‘स्वे बार’ म्हणतात. मी सवयीने तिला ‘कलनिरोधक दंड’ असे नाव सुचवले. दादा म्हणाला, ‘हे नाव ऐकून ती आणखी वाजेल.’

१९७४ च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांसाठी या गाडीची उंची इंच-दीड इंचाने वाढवली गेली, आणि नेमक्या त्याच सुमारास उघड्या टपाच्या गाडीतून ही दांडी खर्च वाचवण्याकरिता काढून टाकण्यात आली. गाडी वळणावर इतकी झुकू लागली की १९७६ साली पुढे जाड दांडी परत द्यावी लागली, शिवाय मागेही एक बसवावी लागली. काटकसर कुठे करू नये याचा हा धडा अर्थशास्त्राच्या पुस्तकात घालण्यासारखा आहे.

पण मला नवल वाटले ते रबराचे. दांडी सांगाड्याला नुसती आवळली तर फिरणार नाही. सैल ठेवली तर आपटत राहील. म्हणून दोन्ही ठिकाणी एकेक रबरी बुश असतो. दांडी त्याच्यामधून जाते आणि वरून पोलादी पट्टी दोन बोल्टांनी बसते. लोखंडाने लोखंडाला धरायचे, पण भिडायचे नाही, एवढी व्यवस्था तो तुकडा पाहतो. तो झिजला, की ‘खट्’.

रात्रीच बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. सकाळी सपाट जागी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना अडणी लावली. जॅकने पुढची बाजू उचलून सांगाड्याखाली दोन भक्कम घोड्या ठेवल्या. ‘नुसत्या जॅकच्या भरवशावर कधी खाली शिरू नये,’ हे दादाने मला तीनदा सांगितले. चाळीस वर्षांवरच्या अशा गाड्यांना २०१८ पासून तिकडे वार्षिक तपासणीची सक्ती नाही. ‘सरकार पाहत नाही, म्हणून आपण दुप्पट पाहायचे,’ हेही सांगितले. दोन्ही पुढची चाके काढली. गाडीची एकच बाजू उचलली तर दांडी पिळलेली राहते आणि बोल्ट सुटताना उसळते.

तो एका बाजूने खाली शिरला, मी दुसऱ्या. माझे काम पाने देण्याचे. जुने बोल्ट सहजी सुटेनात. वर इंजिन, मध्ये ती दांडी, खाली आम्ही दोघे. दादाचा चेहरा मला दिसत नव्हता, त्याला माझा दिसत नव्हता. त्यामुळेच असेल, मी म्हणालो, ‘दादा, त्या रात्री फोनवर मी तसे बोलायला नको होते.’

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग हात बाहेर आला. ‘अर्ध्या इंचाचा पाना दे.’

मी दिला. ‘हा नव्हे. याच्याहून धाकटा.’ तो दिला.

बोल्ट करकरत सुटला. मग दादा म्हणाला, ‘तू बोललास ते खोटे नव्हते. मी आधीच्या आठवड्यातच निघायला हवे होते. डॉक्टर म्हणत होते, घाई नाही. मला तेच ऐकायचे होते.’ थोडे थांबून म्हणाला, ‘आई मध्ये असती ना, तर तुझे ते वाक्य माझ्यापर्यंत निम्मेच आले असते.’

हे अगदी खरे होते. मी दादाविषयी काही तिरके बोललो, की आई ते त्याला सांगताना निम्मे गाळी. आणि दादाच्या निरोपात दोन गोड शब्द पदरचे घाली. पंचवीस वर्षे आम्हा दोघांना वाटत होते, की आपले किती छान जमते!

जुने रबर हातात आले. दगडासारखे कडक, वरून ठिबकलेल्या इंजिनच्या तेलाने काळे आणि एका अंगाने पार झिजलेले. दांडीवरचा गंज पॉलिश पेपरने घासला. नव्या बुशाला एक उभी चीर असते. ती फाकवून तो दांडीवर चढवायचा. बसायला सोपा जावा म्हणून साबणाचे पाणी लावायचे. साधे ग्रीस लावायचे नाही, त्याने रबर फुगते. हल्ली पॉलियुरेथेनचेही बुश मिळतात. ते टिकतात जास्त. पण कडक असतात आणि योग्य ग्रीस नसले तर किरकिरतात. दादाने रबराचेच घेतले होते. ‘थोडे लवचीक असलेले बरे. पुन्हा झिजतील, पुन्हा बदलू.’

मी उत्साहाने बोल्ट आवळू लागलो तेव्हा त्याने हात धरला. ‘आत्ता नुसते हाताने बसव. शेवटचे आवळणे गाडी आपल्या चाकांवर उभी राहिल्यावर. अधांतरी आवळले, तर भार येताच रबर पिळवटते.’ चाके लावून, पुढची बाजू रॅम्पवर चढवून, मग आम्ही सारे पक्के केले.

संध्याकाळी त्याच खड्ड्यावरून गेलो. काही वाजले नाही. दादाने मुद्दाम वळून पुन्हा एकदा गाडी त्याच खड्ड्यात घातली!

रात्री मी कागद काढले. त्याने चष्मा लावून सारे नीट वाचले, सही केली नाही. म्हणाला, ‘पाडायच्या आधी एकदा तिथे येऊन बसायचे आहे. तिथेच करीन.’ मीही घाई केली नाही.

एक जुना बुश मी खिशात घालून आणला आहे. पेपर तपासताना कागद उडू नयेत म्हणून त्याचा उपयोग होतो. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दादा पुण्यात आलेला असेल. त्याला आणायला मी रिक्षाने जाणार आहे. वाटेत खड्ड्यांवर ‘खट्’ असा आवाज होईल, नाही असे नाही. पण तो रिक्षाचा.