निनावी नोंदींची निरुपद्रवी कीर्ती

संकेतस्थळांवर वाचकाच्या नकळत बसविलेल्या ट्रॅकरांविषयी कोणी तक्रारीचा सूर काढला, की त्याला भित्रा आणि अडाणी ठरवून मोकळे होणारे एक विद्वान हल्ली सर्वत्र आढळतात. त्यांची कैफियत थोडक्यात अशी: मजकूर फुकट हवा असेल तर पाळत सोसावी, नोंद करते ते यंत्र, त्या नोंदीत नाव नसते, आणि ज्याला काही लपवायचे नाही त्याने भ्यावे कशाला? असे विचारणारे हे गृहस्थ आपला मोबाइल मात्र सदैव कुलूपबंद ठेवतात, एवढे उत्तर शेवटच्या मुद्द्याला पुरे. फुकटेपणाविषयी म्हणाल, तर वर्तमानपत्रांनी पिढ्यान्‌पिढ्या जाहिराती छापल्या, पण वाचक कोणत्या ओळीवर थबकला हे टिपणारा कारकून कोणाच्या पाठीशी बसविला नाही.

परंतु ‘नाव नसते’ हा जो त्यांचा लाडका युक्तिवाद, त्याची रुजवात घातलीच पाहिजे. २००६ साली अमेरिकेतील एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांच्या तीन महिन्यांतील शोधांचे दफ्तर, नावांच्या जागी निव्वळ क्रमांक घालून, संशोधकांच्या सोयीसाठी म्हणून खुले केले. आणि थोड्याच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी, गावाचे नाव, एक आडनाव, काही दुखणी अशा किरकोळ शोधांची सांगड घालून, त्यांतील एका क्रमांकामागची वृद्ध स्त्री बिनचूक गाठली. हे तर एकाच कंपनीचे दफ्तर होते. ट्रॅकराचे काम त्याहून व्यापक. १९९४ साली नेटस्केपमध्ये कुकी जन्मली ती संकेतस्थळाला परतून आलेल्या गिऱ्हाइकाची ओळख राहावी एवढ्याच माफक हेतूने. पुढे एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र रुग्णालयाच्या, बँकेच्या आणि बातम्यांच्या संकेतस्थळांवर एकाच त्रयस्थाने बसविले, की आजार, कर्ज आणि राजकीय कल ही तिन्ही एकाच क्रमांकाखाली जमा होऊ शकतात. कुकी पुसली तरी फॉन्ट, पडद्याचे मोजमाप, टाइमझोन यांच्या मेळावरून ब्राउझर पुन्हा ओळखता येतो. नावाची एवढी महती गाणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, असे मानणे त्यांच्या विद्वत्तेचा अवमान होईल.

गोपनीयता ही पाश्चात्त्यांची चैन, आपल्या चाळीत कोणाचे काय झाकलेले असते, असेही पूर्वी एका परिसंवादात ऐकावे लागले होते. चाळीत शेजाऱ्याला आपले कळे तसे आपल्यालाही त्याचे कळे. या नव्या शेजाऱ्याचे दार मात्र बाहेरून दिसतच नाही, ही बाब वक्त्यांच्या ध्यानी आली नाही. असो, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला, तेव्हा ‘चैन’ हा शब्द तरी निकालात निघाला.

माझे म्हणणे फार मोठे नाही. त्रयस्थाने नोंद ठेवण्यापूर्वी स्पष्ट परवानगी मागावी, आणि ‘नको’ म्हणण्याची कळ ‘हो’च्या कळीइतकीच ठळक असावी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यालाही संमती मुक्त आणि समजून दिलेलीच अभिप्रेत आहे. सफारी ब्राउझरने २०२० पासून त्रयस्थांच्या कुकी मुळातच अडविल्या, म्हणून काही इंटरनेट ओस पडले नाही. एवढ्याने सारी पाळत थांबत नाही हे खरे. तरी वाचकांनी आपल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्रयस्थांच्या कुकी आजच बंद कराव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.