आवाज उतरतो तेव्हा...

वसईच्या आमच्या वाडीत काकांनी हाक मारली की विहिरीवरचा माणूस वळून पाही. दोन-तीन वर्षांत तोच आवाज हळूहळू बारीक होत गेला. 'वय झालं' म्हणून आम्ही सोडून दिले. पुढे हाताला कंप सुटला आणि निदान झाले : पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात.

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकारावर निबंध लिहिला, तेव्हाच बोलण्यातला बिघाडही नोंदवला होता. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी घटत जातात. श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ यांचा मेळ बिघडतो. बोलणे क्षीण, एकसुरी होते. पुष्कळदा रुग्णाला मात्र आपण नीटच बोलतो आहोत असे वाटते.

हा बिघाड आता संगणकाला मोजता येतो. एका दमात 'आ' लांबवायचा, 'प-त-क' भराभर म्हणायचे. स्वरातली सूक्ष्म थरथर यंत्र आकड्यांत मांडते. ब्रिटिश गणितज्ञ मॅक्स लिटल यांनी तर २०१२ साली साध्या टेलिफोनवरून जगभरचे आवाज गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. काकांना विरार लोकलच्या गर्दीतून मुंबईला नेताना वाटते, दुखण्याची चाल घरबसल्या कळली तर किती फेऱ्या वाचतील!

पण इथेच जपायला हवे. काका घरी सामवेदी बोलतात, बाजारात मराठी. इंग्रजी बोलण्यावर तयार झालेले यंत्र आमच्या 'ळ'चा आणि हेलाचा काय अर्थ लावील? सर्दी, कवळी, हलका मोबाईल यांनीही आकडे बदलतात. तेव्हा यंत्राने निदान करू नये. माणसाची तुलना त्याच्याच कालच्या आवाजाशी करावी. शिवाय आवाज ही माणसाची ओळख. तो कुठे साठवला जातो, हे विचारायलाच हवे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे.

मोजणीनंतर उपचार हवेत. मोठ्याने बोलण्याचा सराव देणारी 'ली सिल्व्हरमन' पद्धत १९८७ पासूनची : चार आठवडे, आठवड्याला चार दिवस. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणदोषांवर काम करते आहे.

एका जुन्या कॅसेटमध्ये काकांचा खणखणीत आवाज सापडला. आता दर रविवारी मी मोबाईलवर त्यांचे एक मिनिट बोलणे टिपून ठेवतो, डॉक्टरांना ऐकवण्यासाठी. घरच्यांचा कान हे पहिले यंत्र. आमच्या घरी तेच उशिरा चालू झाले.