आधी कानस, मग बटण

मुलगा आयटीआय करून चाकण-वाळूजला लागला, की आपण म्हणतो, "संगणकाची यंत्रं आहेत, बटण दाबलं की झालं!" पण तसं नसतं.

जपानच्या टोयोटा कारखान्याचंच पाहा. कंपनीच्याच शाळेत शिकून मित्सुरू कावाई १९६६ साली तिथं कामाला लागले. पुढं यंत्रमानव आले, माणसं हातचं काम विसरू लागली. तेव्हा कावाईंनी काही कामं मुद्दाम पुन्हा हातानं करायला लावली. तापलं लोखंड ठोकून माणसं क्रँकशाफ्ट घडवू लागली. त्यातून जे कळलं, ते यंत्रांना लावलं; वाया जाणारा माल कमी झाला. २०१७ साली कावाई कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्ष झाले.

सीएनसी यंत्राला आकडे माणूसच देतो. टूल झिजलं की आवाज बदलतो. तो ओळखायला कान तयार लागतो. बैलाची चाल बदललेली तुम्ही ओळखता, तसंच हे.

म्हणून मुलगा कानस घासायला कंटाळला, तरी वर्कशॉपचा तास बुडवू देऊ नका. बटण दाबणारे पुष्कळ मिळतात. अडलेलं यंत्र चालू करणाऱ्याला मालक सहसा सोडत नाही.